वाराचं जेवण

“आवाज कसला होता पण, भंतेजी?”

प्रांजलीनं पुन्हा विचारलं.

भंते करुणासार डोळे मिटून बसले होते. म्हातारा माणूस जुनं काही आठवू लागला की घाई करत नाही. त्यांनीही केली नाही.

“मुसळाचा,” ते म्हणाले.

“मुसळाचा?”

“हो. श्रीलंकेत होतो तेव्हा. तुझ्याच वयाचा असेन. गुरूंच्या मागोमाग चालत होतो. सकाळची वेळ. एका गावाच्या कडेला पोचलो आणि आवाज आला. खट्… खट्… कुणी बाई उखळात कांडत होती.”

“मग?”

“गुरू थांबले. कान देऊन ऐकलं. आणि त्या घराकडं न जाता दुसऱ्या वाटेला लागले.”

प्रांजली हसली.

“मी असते तर नेमकी त्याच घरी गेले असते. कांडण चाललंय म्हणजे घरात धान्य आहे. धान्य आहे म्हणजे जेवण आहे.”

“उखळ रिकामं होतं.”

“तुम्हाला काय माहीत?”

“भरल्या उखळाचा आवाज दबका असतो, पोरी. हे लाकडावर लाकूड आपटत होतं. असा आवाज लांबवर जातो.”

“पण रिकामं उखळ कुणी कशाला कांडेल?”

“त्या दिवशी विहाराला जेवू घालायचा वार तिचा होता. शेजारपाजार ऐकत होता,” भंते म्हणाले.



प्रांजली मग म्हणाली, “भारी गोष्ट आहे हो. माझ्या लोकांना सांगणार मी ही.”

भंतेंनी डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं. मायेनंच पाहिलं.

हे चाललं होतं एका विहाराच्या ओसरीवर. भंडाऱ्याकडच्या मुलखात एका तलावाच्या काठी छोटीशी टेकडी आहे. टेकडीवर विहार, खाली गाव, आणि गावाभोवती भाताच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं. वर्षावास सुरू होता. पावसाळ्याचे महिने भिक्खूनं हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, असा नेम आहे. त्या काळात गावातली घरं आळीपाळीनं विहारात जेवण पोचवतात. ज्याचा त्याचा वार ठरलेला. जुन्या काळी गरीब विद्यार्थी घरोघर वार लावून जेवत, तसंच.

प्रांजली गजभिये नागपूरची. नोकरी सोडून जग हिंडत होती. कितीतरी देश पाहून आलेली, आणि ते सगळे अगदी हात राखून. कमी पैशात परदेश कसा पाहावा हे ती लोकांना शिकवायची. तिचं ऐकणारे पुष्कळ होते. पाठीवर एक पिशवी, पायांत जाड बूट, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आपण उगीच घरात बसून म्हातारे झालो.

ती आली होती एका शब्दासाठी.

श्रीलंकेतल्या एका डोंगरी गावात भंतेंच्या गुरूंचा विहार होता. गुरू गेले. आता तिथं भंतेंचे जुने सोबती प्रमुख होते. प्रांजलीला आपली माणसं घेऊन तिथं महिनाभर राहायचं होतं. तिथले भंते म्हणाले होते, करुणासारांनी फोनवर हो म्हटलं तर या. एरवी नाही.

“माझं एवढंच काम आहे, भंतेजी,” तिनं आल्यापासून चालवलं होतं. “एक फोन. मी सगळ्यांना कबूल करून बसलेय. बारा जण आहेत. कुणी रजा टाकलीय, कुणी भाड्याची खोली सोडलीय. आता तुम्ही नाही म्हणालात तर मी तोंड कुठं दाखवू? पुन्हा माझ्याबरोबर कोण येईल?”

“तिथंच का?”

“फुकट आहे ना!” ती म्हणाली. मग जीभ चावली. “म्हणजे… राहणं फुकट, दोन वेळचं जेवण फुकट. शिवाय शांतता. बारा माणसांचा महिन्याचा खर्च वाचतो. हेच तर कसब आहे, भंतेजी. लोक हॉटेलात पैसे ओततात. मी त्यांना सांगते, रात्रीच्या बसनं जा म्हणजे मुक्काम वाचतो. बाजार उठता उठता फळं घ्या. स्टेशनाजवळ कधी जेवू नका. आणि कुठल्याही देशात गेलात तरी आधी मठ, चर्च, गुरुद्वारा शोधा. तिथं नाही म्हणत नाहीत.”

“खरं आहे,” भंते म्हणाले. “नाही म्हणत नाहीत.”

“मला सात भाषांत ‘फुकट आहे का’ असं विचारता येतं!”

भंते हसले. बोळकं पसरून, लहान मुलासारखे हसले. प्रांजलीलाही बरं वाटलं.

“आणि ‘पुरे’ किती भाषांत म्हणता येतं?”

प्रांजलीनं आठवून पाहिलं…

“सिंहलीत ‘ॲति’ म्हणतात,” भंते हळूच म्हणाले. “गुरूंनी मला शिकवलेला पहिला शब्द. नमस्कार मागून शिकवला.”

“तुम्ही कसं फिरलात ते सांगा ना मग. खिशात काही नसताना. तेच शिकायचंय मला.”

“काय सांगू? पाणी मागताना आपलं भांडं पुढं करावं, त्यांचं मागू नये. चुलीचा धूर निघाल्यावर गावात शिरावं, आधी नाही. निजायला मिळाली ती जागा सकाळी झाडून निघावं.”

“बस?”

“आम्हाला पुरलं तेवढं.”

प्रांजलीला हे काही फारसं कामाचं वाटलं नाही. तिनं तसं तोंडावर दाखवलं नाही, पण म्हाताऱ्यांना ते दिसतंच.

इतक्यात टेकडीच्या पायऱ्या चढून एक बाई वर आल्या. लुगड्याचा काष्टा गुडघ्याच्या वर खोचलेला, पोटऱ्या चिखलानं भरलेल्या. हातात दोन कप्प्यांचा डबा. त्यांनी ओसरीखाली पाय धुतले, वर आल्या, डबा चौरंगावर ठेवला आणि गुडघे टेकून वंदन केलं.

“आज यमुनाबाईंचा वार,” भंतेंनी प्रांजलीला सांगितलं.

“जय भीम, माय,” यमुनाबाई प्रांजलीला म्हणाल्या. “कोनाची पोरगी वो तू? नागपूरची दिसतेस.”

“जय भीम. हो, नागपूरचीच. कसं ओळखलंत?”

“बुटावरून. आमच्या इकडं असे बूट घालून चिखलात कोन येते?”

दोघी हसल्या. यमुनाबाईंनी डब्याचा वरचा कप्पा काढून भंतेंपुढं ठेवला. भात, वरण, अंबाडीची भाजी. झाकण निघालं तसा अंबाडीचा वास आला.

भंतेंनी आपल्या भिक्षापात्रात थोडा भात घेतला, थोडं वरण घेतलं, आणि उरलेला कप्पा प्रांजलीपुढं सरकवला.

“जेव.”

“तुम्हाला?”

“मला एवढं चालतं.”

प्रांजली सकाळी नागपूरहून निघालेली, चहावर. ती जेवायला बसली. झपाझप जेवली. कप्पा रिकामा झाला तरी तिची भूक काही भागली नव्हती.

“आणखी आहे ना खाली?” ती म्हणाली, आणि खालचा कप्पा उघडला.

भंतेंचा हात वर आला.

यमुनाबाई उंबऱ्याशी टेकून बसल्या होत्या. त्यांनी भंतेंकडं बघून मान हलवली, नाही म्हणून. एवढीशीच.

भंतेंचा हात खाली आला…

प्रांजलीनं हे पाहिलं. पण तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हात, माशी हाकलली असेल.

“खाय माय, खाय,” यमुनाबाई म्हणाल्या. “लाजू नको.”

“मी कुठं लाजते, मावशी! मी कुठल्याच देशात लाजत नाही. वाढलेलं सगळं संपवायचं, ताटात काही टाकायचं नाही, हा माझा नियमच आहे. यजमान खूश होतात.”

“होतेत तं.”

खालच्या कप्प्यातही तोच भात होता, तीच भाजी. कडेला वाळलेल्या मिरचीचा थोडा ठेचा, कागदात गुंडाळलेला. प्रांजलीनं सगळं संपवलं. बोटं पुसून घेतली.

“तुमचं जेवण, मावशी?”

“मी जेवूनच निघाली,” यमुनाबाई उठत म्हणाल्या. “जाते मी. रोवणी चालू हाये. बाया वाट पायत असतीन. डबा राहू द्या, मंग नेईन.”

त्या पायऱ्या उतरून गेल्या. भंते आपल्या पात्राकडं बघत बसले होते. मग सावकाश, एक एक घास करून, ते जेवले. दुपार व्हायच्या आत त्यांना आटपायचं होतं. दुपारनंतर भिक्खू जेवत नाही.

जेवण झाल्यावर प्रांजलीनं फोन काढला.

“लावू का, भंतेजी? तिथं आत्ता सगळे मोकळे असतील.”

“आधी डबा धू,” भंते म्हणाले.

तिनं धुतला. नळाखाली धरून, माती लावून, चांगला घासून धुतला. ती काही आळशी पोर नव्हती.

“आता लावू?”

“आता नेऊन दे.”

“त्या येणार होत्या ना न्यायला?”

भंतेंनी नुसता हात करून खालच्या बांध्यांकडं बोट दाखवलं.

प्रांजलीनं सुस्कारा टाकला. साधुसंतांचं असंच असतं, एका फोनसाठी काय काय करवून घेतील, असं तिच्या मनात आलं. पण काम आपलं होतं. ती डबा घेऊन उतरली.

गावाबाहेर पाण्यानं भरलेल्या बांध्या चकाकत होत्या. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या बायांची जेवायची सुट्टी झाली होती. बांधावर पळसाच्या सावलीत सगळ्या बसल्या होत्या. डबे उघडलेले, हसणं-खिदळणं चाललेलं.

यमुनाबाई त्यांच्यात नव्हत्या.

त्या तिकडं पाण्यात होत्या, वाकून. बाकीच्यांसाठी पऱ्ह्यांच्या पेंढ्या जागोजागी टाकून ठेवत होत्या. हिरव्यागार रोपांच्या त्या जुड्या हातातून सुटत, पाण्यात पडत. डुबुक… डुबुक…

“ये ना वो यमुना!” बांधावरून एकीनं हाक मारली. “दोन घास खाऊन घे.”

“मी जेवून आली विहारात.”

“आज तुयाच वार ना? मंग तुले कोन वाढलं? भंतेजीनं?”

बाया हसल्या.

“हाव,” यमुनाबाई वाकूनच म्हणाल्या. “पोटभर वाढलं.”

“आमची तं कमर गेली वो. अन् हे यमुना, न बसता काम करून राहिली. मालकाची लाडकी होते का काय या वयात?”

पुन्हा हसणं. यमुनाबाईही हसल्या. पाठ सरळ करायला उभ्या राहिल्या, तेव्हा बांधावर डबा घेऊन उभी असलेली प्रांजली त्यांना दिसली.

“अवं माय! घेऊन आलीस? अन् घासून आनलास!”

त्या चिखलातून बाहेर आल्या. लुगड्याला हात पुसून त्यांनी डबा घेतला. हलवून पाहिला नाही, उघडून पाहिला नाही. काखेत धरला.

“बरं झालं आलीस,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. इतर बायांना ऐकू जाऊ नये असं. “मघापासून मनात हाये माया. भाजीत मीठ बराबर होतं ना वो?”

“मीठ?”

“सकारी अंधारात टाकलं. दानाचं जेवन चाखत नाही आपन. भंतेजी तं काही सांगत नाहीत, खारट असो का अळनी. तू सांग. होतं ना?”

प्रांजली म्हणाली, “हो… छान होतं.”

“मंग झालं,” यमुनाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं.

प्रांजली तिथून निघाली. पाचपन्नास पावलं गेली असेल, आणि थांबली.

खालच्या कप्प्यातही तीच भाजी होती. जेवून निघालेल्या बाईला मीठ विचारावं लागत नाही.

ती वळून आली. यमुनाबाई पुन्हा पाण्यात शिरत होत्या.

“मावशी… तुम्ही जेवलात ना?”

“हाव तं.”

“घरी?”

“हाव.”

“काय जेवलात?”

यमुनाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. लहान पोरानं भलतं काही विचारलं की आई बघते तसं.

“काहून इतकी चौकशी करतेस वो? पोलीस हायेस का?” त्या म्हणाल्या. मग आवाज आणखी खाली आणला. “तुये डोळे किती खोल गेले होते, बाई. मले का दिसत नाही? जाय आता. ऊन हाये.”

“मी काहीतरी आणून देते. गावात दुकान असेल. मी पैसे…”

“गप,” यमुनाबाई म्हणाल्या. “वाराच्या जेवनाचे पैसे घेतेत का कोनी? बाया हसतीन मले.”

आणि वाकल्या. पेंढी सोडली. रोपं हातात घेऊन पुढं सरकत राहिल्या.

प्रांजली टेकडी चढून वर आली, तेव्हा भंते ओसरी झाडत होते. त्यांचं झाडणं फार सावकाश. झाडूच्या टोकाशी मुंगी आली तर थांबत, ती गेली की पुढं.

ती खांबाशी उभी राहिली.

“दिला?”

“दिला.”

झाडू चालत राहिला.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. आवाज चढला होता तिचा. “खालचा कप्पा त्यांचा होता. तुम्ही हात वर केला होता. मग मला सांगितलं का नाही?”

“त्यांनी नको म्हटलं.”

“म्हणून तुम्ही गप्प बसलात? त्या उपाशी चिखलात वाकल्यात तिकडं!”

“वार त्यांचा होता, पोरी. माझा नव्हता.”

ती खाली बसली. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, “मी इतक्या घरी जेवलेय, भंतेजी. इतक्या देशांत. सगळे म्हणायचे, आमचं झालंय, तू जेव. एका घरी म्हातारी आजी होती. मी जेवत असताना ती समोर बसून नुसती हसायची. मी तिचा फोटो काढला. लोकांना दाखवला, बघा किती प्रेमळ माणसं आहेत म्हणून…”



भंतेंनी झाडू भिंतीला टेकवला. तिच्याशेजारी, जरा अंतर ठेवून, पायरीवर बसले. त्यांचे गुडघे कुरकुरले.

“ते प्रेम खोटं नव्हतं,” ते म्हणाले.

“पण मग…”

“खोटं नव्हतं.”

तलावावरून वारा आला. खाली बांधीतल्या बाया पुन्हा पाण्यात उतरल्या होत्या. एका रांगेत वाकलेल्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. त्यातली यमुनाबाईंची कोणती, ते इतक्या लांबून ओळखू येत नव्हतं.

“यमुनाबाई काय म्हणाल्या?” भंतेंनी विचारलं.

“विचारत होत्या… भाजीत मीठ बरोबर होतं का.”

“होतं का?”

प्रांजलीनं तो घास आठवून पाहिला.

“मला आठवत नाही,” ती म्हणाली.

भंतेंनी मान डोलावली. जणू कुणी नाव विचारलं आणि तिनं नाव सांगितलं, इतक्या सहज.

प्रांजलीच्या हातातला फोन मधेच उजळला. तिच्या माणसांपैकी कुणाचा तरी निरोप असावा. मग आणखी एक आला. सगळे वाट बघत होते. तिनं वाचले नाहीत.

“लाव फोन,” भंते म्हणाले.

तिनं दचकून पाहिलं.

“तिकडं?”

“तिकडंच. मी बोलतो. हो म्हणतो.”

“तुम्ही… हो म्हणणार?”

“माझा सोबती आहे तो. माझा शब्द मोडणार नाही. आणि ते गाव तर कुणालाच नाही म्हणत नाही. लाव.”

प्रांजलीनं नंबर काढला. तिचा अंगठा नंबरावर टेकला, तसाच राहिला…

भंतेंनी हात पुढं केला. सुरकुतलेला, रिकामा हात. फोन घ्यायला.

“घरं फार थोडी आहेत तिथं. आधी कळवलेलं बरं असतं,” ते मायेनं म्हणाले. “किती माणसं जेवायला आहेत म्हणून सांगू?”

प्रांजलीनं त्या हाताकडं पाहिलं. फोन बंद केला. पिशवी पाठीवर घेतली, वाकून वंदन केलं, आणि पायऱ्या उतरून गेली.